पालथ्या वाट्या

माझी धाकटी जाऊ हुबळीहून धारवाडला आली की थेट स्वयंपाकघरात शिरते आणि चार कामं एकदम काढते. दुधाखालचा गॅस बारीक करते, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून तारिहाळच्या कारखान्यातल्या कुणालातरी कन्नडमध्ये झापते, आणि मधेच मला मराठीत विचारते, "अक्का, हिंग कुठं ठेवलाय?" माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडायच्या आत तिला तो सापडलेला असतो. मी स्टुलावर बसून हे बघते आणि जळते. त्याला सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी मला ताप आला. आठवड्यात उतरला, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी हुबळीच्या एका डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं नाव सांगितलं, तोवर दीड वर्ष उलटून गेलं होतं. थकवा लोकांना निदान कळतो. डोक्यातलं धुकं कसं सांगायचं? मी हायस्कुलात गणित शिकवायची. आता डाळ धुताना कुणी दोन शब्द बोललं तरी हातात काय आहे ते विसरते. संध्याकाळ झाली की आधी कन्नड जातं. जिच्याशी वीस वर्षं दारात उभी राहून गप्पा मारल्या ती भाजीवाली मेथी हवी का विचारते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहते. नोकरी तर कधीच सोडली.

मग मी माझ्या रीती बसवल्या. एका वेळी एकच काम. कुकर लावला की रेडिओ बंद. दहा मिनिटं उभं राहायचं, दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं. बरं वाटतंय म्हणून जास्त केलं की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात, हे अनेकदा आपटल्यावर कळलं. आठवतंय असं वाटलं तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही, डोळ्यांना दिसेल अशी खूण ठेवायची.

विसरते तर जाऊही. एकदा तिने स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली आणि घरभर शोधली. सगळे पोट धरून हसले. मी काही विसरले की कुणी हसत नाही, एकमेकांकडे बघतात. त्या दिवशी ती म्हणाली, "मला पण आता तुमच्यासारखंच झालंय बघा अक्का." मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, याचा राग वेगळा.

सासूबाईंचं श्राद्ध दरवर्षी आमच्याकडे व्हायचं, मी थोरली म्हणून. यंदा दीर महिनाभर आधीच म्हणाले, "वहिनी, या वेळी हुबळीला करू की. तुम्हाला त्रास कशाला?" मी म्हटलं, इथंच होईल आणि मीच करीन. नोकरी गेली, संध्याकाळचं कन्नड गेलं, थोरलेपणातलं एवढंच काय ते माझ्याकडे उरलं होतं. ते तिच्या चकचकीत ओट्यावर जावं हे मला सहन होणार नव्हतं. या वेळी काही चुकलं तर ते जाणार, हेही मला माहीत होतं.

अडचण एकच होती. श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव बघता येत नाही. नैवेद्य होईपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, मीठ अंदाजानेच घालायचं. अंदाज माझा आजही पक्का आहे. पण घातलं की नाही, हे दुसऱ्या मिनिटाला आठवत नाही, आणि चाखून बघायची सोय नाही.

त्यावर मी तोड काढली. मिठाचे पदार्थ सात. आदल्या दिवशी सात छोट्या वाट्या काढल्या आणि प्रत्येक पदार्थाचं मीठ मोजून ठेवलं. मीठ पातेल्यात गेलं की ती वाटी ओट्यावर पालथी घालायची. पालथी वाटी म्हणजे मीठ पडलं. यात डोक्याचं काही कामच नाही. मला स्वतःचा इतका अभिमान बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता.

जाऊ सकाळी मदतीला आली. तिला ही रीत सांगायला हवी होती. मी मुद्दाम सांगितली नाही. ती म्हणाली असती, "किती हुशार हो तुम्ही अक्का," आणि जेवणं व्हायच्या आत सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने ऐकवलं असतं. माझी कुबडी तिने मिरवावी असं मला वाटत नव्हतं.

तीन भाज्यांत मीठ घालून तीन वाट्या पालथ्या केल्या आणि ठरल्याप्रमाणे आत जाऊन पडले. उठून आले तर ओटा लख्ख पुसलेला होता आणि सातही वाट्या पालथ्या होत्या. मला उरलेल्या चारांचं काही आठवेना. पण न आठवणं माझ्यासाठी नवीन नव्हतं, आणि भरवसा वाट्यांवर ठेवायचा हे मीच ठरवलेलं होतं.

भटजी शांतपणे जेवून गेले. आमच्याकडे श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत, आणि त्या जेवणाला कुणी नावंही ठेवत नाही. नंतर घरची माणसं बसली. यजमानांच्या आत्याबाईंनी आमटीचा पहिला भुरका घेतला आणि हात थांबवला. "मीठच नाही की गं." मग कढी. मग चटणी. मग वडे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच पानाकडे बघितलं.

जावेच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, हे मीच केलं," ती म्हणाली. "चार वाट्यांत मीठ होतं, मला वाटलं जास्तीचं उरलंय. बरणीत परत ओतलं आणि वाट्या धुऊन पालथ्या घातल्या."

खोटं कशाला सांगू, सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी मला आनंदाने भरून आलं. म्हणजे तीही चुकते, आणि तेही सगळ्यांसमोर.

आत्याबाईंनी मान हलवली. "असू दे गं, इरली बिडू. थोरलीवर यायला नको म्हणून अंगावर घेतेस होय. केवढं मन तुझं."

"खरंच आत्याबाई, मीच ओतलं." तिचे डोळे भरून आले होते. जितकं ती सांगत गेली तितक्या माना हलत गेल्या. दीर बायकोकडे असे बघत होते, जसं माझ्याकडे कुणी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही. मी म्हटलं, "ती खरं सांगतेय, मी वाट्या भरून ठेवल्या होत्या." यजमान म्हणाले, "हो, हो. तू आता जरा पड." पुढचं श्राद्ध हुबळीला करायचं हे त्याच दुपारी, मी आत पडलेली असताना ठरलं.

याला आता काही महिने झाले. मधल्या काळात तो दिवस माझ्या डोक्यात पुसट होत गेलाय. घरातले इतक्या समजुतीने वागतात की कधीकधी मलाच वाटतं, चुकले ते मीच, आणि ती खरंच मला वाचवत होती. तसं वाटलं की मी तिला फोन करते आणि विचारते, "त्या चार वाट्या तूच ओतल्यास ना गं?"

"हो अक्का, मीच," ती सांगते. कढीची कुठली, वड्यांची कुठली, ओट्यावर कोणत्या बाजूला होती, सगळं सांगते. पाच-सहा वेळा विचारून झालं असेल, एकदाही चिडली नाही. माझी चूक नव्हती हे जाणणारं माणूस या कुटुंबात एकच आहे, आणि ते नेमकं ती आहे. निदान आता तरी तिच्यावर जळणं थांबवावं असं फोन ठेवताना दर वेळी मनात येतं. पण जमत नाही. तिला ते सगळं आठवतं ना.