आख्खं विस्कॉन्सिन तापवता का?

"दार लावा बाप्पा, आख्खं विस्कॉन्सिन तापवता का?"

आमचे घरमालक काका मूळ नागपूरचे. खाली ते आणि काकू, वर आम्ही तिघं भाड्याने, जिना बाहेरून. हीटिंग भाड्यातच धरलेलं, त्यामुळे आमचं दार करकरलं की ते त्यांच्या काळजात करकरे. बर्फातून किराणा आणताना मी एक पाय आत, एक बाहेर असा अडकलेला असलो, तरी खालून हे वाक्य यायचंच.

पहिल्याच हिवाळ्यात काका पेटती उदबत्ती घेऊन वर आले. बायकोने लगबगीने देव दाखवले. काका देवांना वळसा घालून खिडकीपाशी गेले आणि चौकटीवरून उदबत्ती फिरवू लागले. बायको मागे हात जोडून उभी. तिला पाहून मीही जोडले.

"हे पाहा, धूर वाकून राहिला. हवा घुसते इथून."

मग खिशातून चिकटपट्टी काढून त्यांनी फट बुजवली. मी सॉफ्टवेअरवाला, प्रसाद मिळेल या आशेवर होतो.

पुढे त्यांच्या मुलीला दूर फ्रीमाँटला बाळ झालं. काकू तिकडे गेल्या आणि काकांनी घर विकायला काढलं. पण या राज्यात भाड्याचं घर विकायचं, तर ते थंडीला पुरेसं बंदिस्त असल्याचं सर्टिफिकेट लागे. इन्स्पेक्टरने आमच्या स्वयंपाकघराच्या दाराखालची फट दाखवून घर नापास केलं.

"नात तिकडे फोनवर रडते, मी इथं फटी बुजवून राहिलो," काका म्हणाले. त्या दिवशी वर आले तेव्हा त्यांच्या हातात उदबत्तीही नव्हती.

दुसऱ्या तपासणीला त्यांनी बजावलं, दार-खिडकी उघडायची नाही, स्वयंपाकघरातला धुराचा पंखासुद्धा लावायचा नाही, तोही हवाच बाहेर फेकतो. बायकोला त्यांची फार दया आली. त्यांच्या आवडीचा ठेचा करावा म्हणून तिने मिरच्या भाजायला घेतल्या.

इन्स्पेक्टरने आत पाऊल टाकलं आणि त्याला ठसका लागला. त्याने खोकत माळा पाहिला, शिंकत खिडक्या पाहिल्या. दाराखालच्या नव्या पट्टीपाशी तो गुडघे टेकून बसला तेव्हा वर स्मोक अलार्म केकाटत होता. जरा खिडकी उघडू का, असं त्याने काकुळतीने विचारलं. काकांनी डोळे पुसत, अत्यंत नम्र इंग्रजीत सांगितलं की आधी सही. इतकं घट्ट घर आजवर पाहिलं नाही म्हणत त्याने सही केली आणि तो जिना उतरला, म्हणजे जवळजवळ पडलाच.

घर विकलं गेलं आणि काका निघाले ते ऐन जानेवारीत. टॅक्सी खाली उभी करून निरोप घ्यायला वर आले आणि दारातच थांबले, एक पाय आत, एक बाहेर. कुठली खिडकी अडकते ते सांगितलं. ठेच्याचा डबा बॅगेत नीट ठेवल्याचं सांगितलं. मग पुन्हा खिडकीचं सांगितलं. बर्फ पायपुसण्यावरून आत यायला लागला. आमच्या लेकीने "काका, द डोअर..." म्हणायला तोंड उघडलं, तर बायकोने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी गुपचूप स्वेटर चढवला. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत राहिला, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून आख्खं विस्कॉन्सिन तापवलं.