वीणाच्या कीर्तनातला बिशप

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली वीणा करंबेळकर दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधते आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याच्या. पण तिचं खरं प्रेम नवऱ्यावर नाहीच. ते आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका जर्मन बिशपवर आहे, आणि ही बातमी तिचा नवरा शंतनूच सगळ्यांना हौसेने सांगतो.

त्याचं झालं असं. लग्नाआधी कंपनीने तिला पुण्याहून जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावी धाडलं होतं. खोली मिळाली जुन्या चर्चच्या शेजारी. आत बिशप वोल्फ्रामची समाधी. दगडी बिशपच्या हातात चक्क तलवार! धर्मगुरूला तलवार कशाला, एवढंच विचारायला ही गेली आणि त्या खानदानात अशी अडकली की सासरची नाती अजून चुकतात, पण वोल्फ्रामच्या चुलत मेहुण्यांचीही नावं तोंडपाठ. त्यांच्यापायी बाई लॅटिन शिकली.

यंदाच्या गणपतीत तिने तिथल्या मराठी मंडळात कीर्तन करायचं ठरवलं. लहानपणी नागपूरला आत्याकडे ती रीतसर शिकलेली, त्यामुळे अध्यक्ष विनय राजुरकर खूश. आख्यान कुठलं, तर एका भावाबहिणीचं, असं तिने मोघम सांगून ठेवलं. शंतनूच्या पोटात काही राहतंय थोडंच? आदल्याच दिवशी त्याने बिशप बाहेर काढला.

विनय हादरला. बाप्पापुढे बिशप? तोही धर्मयुद्धाला गेलेला? वीणाने परोपरीने समजावलं की त्याच्या लढाईचं कौतुक मला करायचंच नाही, तो गेल्यावर घरी काय झालं ते सांगायचंय. विनय ऐकेना. कीर्तनाच्या मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात आणि मगच आख्यान सुरू होतं. विनयने हार स्वतःच्या ताब्यात घेतला आणि सांगितलं की पूर्वरंग कर, मध्यंतरात आपण आरती करून टाकू. वीणाचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट सांगायची, तर सुरू होण्याआधीच कापली.

पण वीणा काय कमी आहे! शनिवारी नऊवारी नेसून उभी राहिली आणि पूर्वरंगातच विषय धरला: घर सोडून लांब जाणाऱ्याने मागचं घर कुणाच्या भरवशावर टाकावं? समोर सगळी घर सोडून आलेलीच मंडळी. मग दृष्टांत म्हणून तिने हळूच वोल्फ्राम आणला. थोरला भाऊ गेरोल्ड, त्याला वडिलांचा किल्ला. धाकट्या वोल्फ्रामला गेरोल्डनेच वशिला लावून बिशप केलं, आणि त्या गादीबरोबर गावाचा कारभारही त्याच्याकडे आला. धाकटा युद्धाला निघाला तेव्हा गावच्या वेशीची किल्ली त्याने बहिणीच्या, हेडविगच्या हाती दिली. दुसऱ्या वर्षी गेरोल्ड घोडेस्वार घेऊन वेशीवर हजर. म्हणाला, आपल्याच घरचं गाव, उघड. हेडविगने उघडलं नाही. अखेर वोल्फ्राम परत आला. वेशीबाहेर त्याला गादी मिळवून देणारा भाऊ, वेशीच्या आत ती गादी राखणारी बहीण.

इथे वीणाने झांज उचलली आणि मध्यंतराचं भजन सुरू केलं! काय कारस्थानी बाई!

भजन संपताच विनय माइक घेऊन उठला, आरतीला या म्हणाला. पुढे बसलेली छोटी रुही कळवळून ओरडली, "वेट, वीणामावशी, हेडविगचं काय झालं?" बाकीची पोरंही गलका करू लागली. विनय म्हणे, प्रसाद गार होतोय.

तेवढ्यात विनयची बायको सुलेखा उठली. तिचं आणि वीणाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. पण याच मे महिन्यात सुलेखा अमरावतीला जाऊन भावाच्या नावे हक्कसोड करून आली होती, वडिलांच्या घरातला आपला वाटा सोडल्याची सही मुकाट्याने देऊन, आणि तेव्हापासून धुमसत होती. तिने नवऱ्यापुढचा हार उचलला, वीणाला बुक्का लावला आणि हार घातला.

"अगं, आरतीचं…" विनय म्हणाला.

"तू बस. वीणा, त्या बिशपने काय केलं ते सांग. खरं असेल तेच सांग."

वीणाचा आवाज असा लागला की साथीला बसलेल्या शंतनूची पेटी मागे पडली. बिशपने भावाला मिठी मारली, किल्ली त्याला दिली, बहिणीला रेशमाचा तागा देऊन मठात धाडलं. हॉलमध्ये हळहळ. मग गेरोल्डने गावाला असं पिळलं की लोक मशाली घेऊन उठले, आणि बिशप बहिणीला परत न्यायला मठाच्या दाराशी गेला.

"ती लगेच आली?" सुलेखाने बसल्या जागेवरून विचारलं. कीर्तनात असं कुणी विचारत नाही.

"नाही. म्हणाली, किल्ली सगळ्या गावासमोर दे. आणि चूक झाली म्हण."

"म्हणाला?"

"म्हणाला. तिकडे समुद्रापार लढून आला होता, पण म्हणे खरा घाम त्याला त्या दिवशी फुटला."

टाळ्यांनी हॉल दणाणला. सुलेखा डोळे पुसत फोन घेऊन बाहेर गेली. अमरावतीला कुणाची झोपमोड झाली असणार ते मी सांगायला नको.

जेवणाच्या रांगेत व्हिसा नाही, घरांचे भाव नाहीत, सगळे गेरोल्डवर तुटून पडलेले. विनय एकटाच म्हणत होता की थोरल्याचीही काही बाजू असेल ना, यार. वीणाला ताटातल्या मसालेभाताकडे पाहायला फुरसत नव्हती. घास उचलला की कुणीतरी बिशपच्या आणखी एका चुलतभावाचं विचारी, आणि ती घास खाली ठेवून पहिल्यापासून सांगू लागे.