यानातल्या इंजिनिअरचा मत्सर

मत्सर मला आयुष्यात एकाच माणसाचा वाटला, आणि तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

इंग्रजी चॅनेलवरच्या एका अंतराळ-सीरियलमधला इंजिनिअर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी, मी आणि मल्लाप्पा ती दर गुरुवारी पाहत असू.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा. तो गुळाचा व्यापारी.

एका एपिसोडमध्ये इंजिन बंद पडलं. कॅप्टनबाईंनी कारण विचारलं. इंजिनिअर म्हणाला, "माझा नवरा कालच सांगत होता, पंप जुना झालाय."

बाई म्हणाल्या, "मग बदला."

मल्लाप्पा सावरून बसला.

"मास्तर, हजबंड म्हनला न्हवं त्यो?"

"हो."

"गड्याला?"

"हो."

"मग आता बघा, लागतोय दंगा!"

जाहिराती संपल्या. पंप बदलला. यान निघालं.

दंगा पुढच्या गुरुवारीही लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"त्येला कुणी कायच इचारंना की ओ," मल्लाप्पा म्हणाला. जरा चिडूनच.

जे सर्वांना मान्य असतं म्हणून बोललं जात नाही, ते विधान अध्याहृत. दोन पुरुष संसार करतात, हे त्या यानात अध्याहृत होतं.

आमच्या गल्लीत ते नुसतंच न बोललेलं होतं. हा फरक मी वर्गात नेहमी समजावून सांगत असे.

गल्ली मल्लाप्पाला "सरांचं पावणं" म्हणायची. तो हसायचा.

"मी पावणं, म्हंजे तुम्ही माझं यजमान झाला की!"

काल मल्लाप्पा गेला.

कसबा बावड्यात, त्याच्या भावाच्या दारात माणसं जमली. भाऊ सज्जन. त्याने मला खुर्ची दिली.

"घरची मानसं तेवढी आत या," कोणीतरी हाक दिली.

मी बाहेर बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "सर, तुमची वळख गुळाच्या धंद्यातली व्हय?"

आत त्याच्या वहिनीच्या गळ्यात पडून बायका रडत होत्या. तिला पाणी देत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या.

पहिल्या वाक्यात दुरुस्ती करतो. मत्सर आता दोघांचा वाटतो.

म्हणून हे विधान आज स्पष्ट शब्दांत मांडतो. मल्लाप्पा माझा जोडीदार होता. माझ्या घरातलं माणूस गेलं आहे.

भेटायला यायचं असेल त्यांनी सकाळी यावं. मी घरीच आहे.

"तुमचा मित्र गेला" असं म्हणायचं असेल, तर मात्र येऊ नये.

नीट जा, मल्लाप्पा.