बापाला काका म्हणणारे पणजोबा

आमच्या पणजोबांचा बाप कोण, यावरून चाकणजवळच्या आमच्या गावात भावकीचं भांडण मी लहानपणापासून ऐकत आलोय. दोन भावांपैकी ते थोरल्याचे की धाकट्याचे? आम्ही म्हणायचो, धाकट्याचे. थोरल्याच्या घरातले चुलत आजोबा म्हणायचे, "न्हाई. धाकट्याला ते काका म्हणायचे. बापाला कुणी काका म्हणतं व्हय?" हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

यंदा दिवाळीला कंपनीला सुट्टी होती म्हणून गावी गेलो, तर घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत वारसनोंदीची जुनी नक्कल सापडली. धाकटे वारल्यावर झालेली ती नोंद. त्यात पणजोबांचं नाव आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं: मुलगा. मी तो कागद तावातावाने चुलत आजोबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "मग काका का म्हणायचे?"

शेंगा सोलता सोलता चुलत आजी बोलली, "अवो, थोरल्याची सहा पोरं काका म्हणायची, ते ऐकून ह्योबी म्हणायला लागला. वडीलधाऱ्यांपुढं सोताच्या लेकराला उचलायचीबी लाज तवा. मी तुजा बाप हाय, आसं कोन सांगनार?"

चुलत आजोबा हसले. मी ऐटीत निगडीला वडिलांना फोन लावला. स्क्रीनवर नाव आलं: भाऊ. आत्या त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही जन्मभर तेच म्हणत आलोय. उद्या पणतवंडांच्या हाती हा फोन लागला, तर ती मला माझ्याच बापाचा धाकटा भाऊ ठरवून मोकळी होतील.