शिशातलं जस्त

माझे यजमान गॅरेजमध्ये रिव्हॉल्वरच्या गोळ्या ओततात, असं मी पुण्याला बहिणीला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पोलिसांना माहीत आहे का?" माहीत होतं. परवाना होता, रिव्हॉल्वर नोंदवलेलं होतं, ते कुलपाच्या पेटीत असायचं आणि घरातून निघालं की फक्त क्लबच्या रेंजवर जायचं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "पण विकत मिळत नाहीत का?"

विकत मिळतात. पण माझ्या यजमानांनी तीस वर्षं इथे कॅनडात वॉटर्लूजवळच्या एका कारखान्यात साचे बनवले होते. प्लॅस्टिकच्या झाकणांचे, मोटारींच्या दिव्यांचे, कशाकशाचे साचे. दुसऱ्या कुणी ओतलेली वस्तू हातात आली की ते ती उलटी करून तिची शिवण बघत. कारखान्यातल्या एका सोबत्याने त्यांना रेंजवर नेलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. पहिलं वर्ष त्यांनी विकतच्या गोळ्या मारल्या. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "ज्यात आपला हात नाही, त्यात नेम कसला?" आणि साचा मागवला.

शिसं मिळायचं टायरच्या दुकानातून. एप्रिल-मेमध्ये गावातले सगळे विंटर टायर काढून उन्हाळ्याचे लावतात, तेव्हा चाकांचा तोल साधण्यासाठी रिमला लावलेली जुनी वजनं निघतात. बोटाच्या पेराएवढे करडे तुकडे, एका कडेला पोलादी क्लिप. दुकानाचा मालक ती बादलीत साठवून ठेवायचा आणि माझ्या हातच्या चिवड्याच्या बदल्यात आम्हाला द्यायचा. त्याला तो चिवडा इतका आवडायचा की एका वर्षी त्याने बादलीवर आमचं आडनाव चुकीचं लिहून, खाली चिवडा हा शब्द मात्र बरोबर लिहिला होता.

ती वजनं निवडणं माझं काम. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर सूची केली, म्हणजे एका अर्थी निवडणंच केलं, आणि त्याआधी आईने मला तांदूळ निवडायला बसवलं होतं. गॅरेजचं दार वर करून पायरीवर बसायचं, मांडीवर पातेलं नव्हे तर चांगली मोठी परात घ्यायची, आणि बादलीतली ओंजळ ओंजळ पसरायची. त्यात तीन जाती असतात. पोलादाची वजनं लोहचुंबकाला चिकटतात, त्यांचा त्रास नाही. शिसं हवं असतं. तिसरं असतं जस्त, आणि ते घातक. रंग तोच, आकार तोच. शिशाच्या भांड्यात ते थोडंसं जरी विरघळलं तरी सगळं भांडं वाया जातं.

"डोळ्यांवर जाऊ नकोस," ते मला दर वर्षी सांगायचे. "प्रत्येक वजन पकडीने चावून बघ. शिसं असलं तर पकड आत रुतते. जस्त असलं तर घसरते."

"तांदळातला खडा मी कधी चावून बघितला नाही," मी म्हणायचे.

"आणि मी कितीदा चावलाय, ते विचार."

निवडून झालं की ते शिसं वितळवत. त्यात मेणाचा तुकडा टाकून ढवळत, वर आलेली राखेसारखी साय पळीने काढून टाकत, आणि मग भांड्यातलं शिसं आरशासारखं दिसायला लागे. साच्यात धार सोडायची, मनात पाचपर्यंत मोजायचं, वरच्या पट्टीवर लाकडाने ठोकायचं, साचा उघडायचा. जुन्या टॉवेलवर दोन चकचकीत गोळ्या पडायच्या. त्यांची तोंडं सपाट असत. अशी गोळी टार्गेटच्या कागदाला फाडत नाही, ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते. नंतर तिला मेणाचं वंगण लावायचं, काडतुसाच्या पुंगळीत बसवायची. हे सगळं झाल्यावर ते कोपरापर्यंत हात धूत आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे टाकत. मी त्या टॉवेलला कधी शिवले नाही.

मी एकदाच गोळी मारली. पाहुण्यांना नेता येतं अशा एका शनिवारी त्यांनी मला रेंजवर नेलं, कानांवर आवाज बंद करणारे जाड डबे घातले, डोळ्यांवर चष्मा, आणि माझ्या मागे उभं राहून माझे दोन्ही खांदे धरले. मी सहा गोळ्या मारल्या. दचका मला वाटला होता त्यापेक्षा मऊ होता. घरच्या गोळ्यांना दारू कमी घालतात, हे मला मागाहून कळलं. हवेत मेणबत्ती विझवल्यासारखा वास राहिला. सहापैकी चार कागदावर लागल्या, चारही कोपऱ्यात. ते तो कागद हातात धरून क्लबातल्या प्रत्येकाला दाखवत फिरले. म्हणाले, "शिसं तिनेच निवडलंय!" इतर लोक हसले. मीही हसले. आज वाटतं, त्यानंतर त्यांनी इतक्या वेळा बोलावूनही मी गाडीत पुस्तक वाचत का बसून राहिले?

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी मे महिन्यात बादली नेहमीसारखीच आली. ऑक्टोबरात क्लबाची एक स्पर्धा असते. तीत घरी ओतलेल्याच गोळ्या चालतात, आणि त्यांना ती त्या वर्षी जिंकायची होती. उघड बोलत नसत, पण नेमाच्या नोंदी ठेवायला नवीन वही आणली होती. मी पायरीवर बसले. मांडीवर परात होती आणि परातीच्या कडेशी एक पुस्तक उघडं होतं, त्याची शेवटची चाळीस पानं राहिली होती. पहिल्या दोन ओंजळी मी चावून बघितल्या. मग पकड खाली ठेवली. एका हाताने वजनं सरकवत राहिले, दुसऱ्या हाताने पान धरलं. पुस्तक संपलं तेव्हा बादलीही संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडं चढवलं. दुपारी आत येऊन म्हणाले, "गोळ्या सुरकुततायत. कडा भरत नाहीयेत." मी चहा ठेवत होते. "साचा थंड असेल," मी म्हटलं, कारण एवढं मला ऐकून ऐकून माहीत झालं होतं.

"साचा गरम आहे. उष्णता वाढवली तर जास्तच बिघडतंय. वर लापशीसारखं काहीतरी येतंय." मग त्यांनी मला विचारलं, "अगं, सगळी चावून बघितलीस ना?"

मी "हो" म्हटलं.

त्या क्षणी मला ते फारसं खोटं वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास होता, आणि चहा उतू जात होता. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गॅरेजमध्ये गेले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे त्यांनी दोष शोधण्यात घालवले. साचा घासला. तापमापक बदलला. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. एका सकाळी मी त्यांना खिडकीतून पाहिलं. ते रिकामी पळी धरून हात समोर ताणून उभे होते आणि पळीच्या टोकाकडे बघत होते. तेव्हा मी बादलीच्या तळाशी उरलेली मूठभर वजनं घेतली आणि पकडीने एकेक चावून बघितली. सतरा होती. नऊंवरून पकड घसरली.

त्याच आठवड्यात त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. रक्तात शिशाचं प्रमाण किंचित जास्त होतं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, पण छंद जरा कमी केलात तर बरं. ते हसून "बघू" म्हणाले. घरी येताना गाडीत मी काही बोलले नाही. ती नऊ वजनं मी आधीच भाजीच्या सालींखाली टाकून दिली होती.

जूनमध्ये ते म्हणाले, "मला वाटतं, हात गेला माझा. ओतायला एक ठेका लागतो. तो गेला."

मी म्हटलं, "मग राहू दे ना. पुष्कळ ओतलंत."

त्यांनी विकतच्या गोळ्यांचा एक बॉक्स आणला. दोन शनिवार गेले रेंजवर, मग पाऊस आहे म्हणून राहिले, मग पाऊस नसतानाही राहिले. ऑक्टोबरातल्या स्पर्धेत त्यांनी भाग घेतला नाही. त्यानंतर अजून एक उन्हाळा गेला. गॅरेजचं दार शनिवारी बंद असायचं आणि ते समोरच्या खोलीत टीव्हीवर दुसऱ्याच देशातलं क्रिकेट बघत असायचे. मी त्याच खोलीत वाचत बसायचे. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. आज सांगू, उद्या सांगू असंही मी म्हणत नव्हते. सांगायचं काही आहे, हेच मी स्वतःला आठवू देत नव्हते.

यंदा फेब्रुवारीत ते गेले. सकाळचा चहा घेतला, वर्तमानपत्र हातात होतं, आणि गेले.

मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीहून आली, दोन आठवडे राहिली. रिव्हॉल्वरचं काय, असं मी विचारल्यावर म्हणाली, "आई, जस्ट कॉल द पोलीस. प्लीज." आता इथल्या नियमांप्रमाणे ते आमच्या ओळखीतल्या कुणाच्या नावावर करता येत नाही. पोलीस आले, अतिशय सौजन्याने वागले, पेटी घेऊन गेले आणि मला पावती देऊन गेले.

साचा, भांडं आणि पुंगळ्या नेण्यासाठी क्लबातले त्यांचे मित्र आले. हे मूळचे नागपूरचे, साठीला टेकलेले, इंजिनियर. यजमानांना दादा म्हणायचे. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची बोली काही सुटलेली नाही. ते गॅरेजमध्ये खोकी भरत होते आणि बोलत होते, कारण गप्प बसणं त्यांना जमत नाही.

"बाप्पा वहिनी, किती हे सामान! दादांनी काय लढाईची तयारी केली होती का?" मग त्या वर्षीचं बिघडलेलं शिसं थिजवून भिंतीशी ठेवलेल्या लाद्यांपाशी ते थांबले. त्यांनी खिशातल्या पकडीने एका लादीचा कोपरा दाबून पाहिला आणि जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. "हेच ते. मी तेव्हाच म्हटलं होतं दादांना, यात जस्त घुसलं आहे. असे चिडले माझ्यावर! म्हणे, माझ्या बायकोने निवडलंय. एकेक चावून. तिच्या हातून जस्त सुटणार नाही. माझाच हात बिघडलाय."

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला चहा होता. मी तो कामाच्या टेबलावर ठेवला.

"मी चावून बघितलं नव्हतं," मी म्हटलं.

ते हसले. "काय वहिनी, आता त्यांची बाजू घेता का?"

"नव्हतं बघितलं. पुस्तक वाचत होते. त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हटलं. नंतर मला कळलं. तरी नाही सांगितलं."

त्यांच्या हातातलं खोकं त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"काहून?" ते म्हणाले. "काहून नाही सांगितलं?"

उत्तरं पुष्कळ होती. रिपोर्ट होता, डॉक्टर होत्या, त्यांच्या तब्येतीची काळजी होती, आणि ती खरीही होती. पण त्या माणसासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"ते थांबले म्हणून मला बरं वाटलं होतं," मी म्हटलं. "शनिवारी घरी असायचे."

ते उपड्या बादलीवर बसले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "मला त्यांनी हात समोर धरून दाखवला होता, वहिनी. रेंजच्या पार्किंगमध्ये. बघ रे, थरथरतो का. मी नीट पाहिला. नव्हता थरथरत. नाही म्हटलं दादा, तर म्हणे, तू माझं मन राखतोस."

मग त्यांनी उरलेली खोकी गाडीत ठेवली. मी मदतीला गेले तर "राहू द्या" म्हणाले. रागाने म्हणाले असं मला वाटलं नाही, पण मघाचा सूर नव्हता. गाडीचं मागचं दार लावून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्लबात अजून विचारतात सगळे, दादांनी एकदम सोडलं काहून. म्हातारे झाले, असं म्हणतात. मी काय सांगू?"

"जस्त होतं म्हणून सांगा. आणि कुणामुळे, तेही सांगा."

"जस्ताचं सांगतो," ते म्हणाले. "बाकीचं मी नाही सांगणार. ते तुम्ही येऊन सांगा. शनिवारी दहाला असतो आम्ही सगळे. न्यायला येऊ का?"

मी म्हटलं, माझी मी येईन.

त्याला आता पाच शनिवार झाले.