अप्पर लाइट

१९९१ साली मी तेहतीस वर्षांचा होतो आणि अर्जुनीच्या रस्त्यावर भाड्याची जीप चालवत होतो. आता माझा नातू समोर गाडी दिसली की लगेच डिपर मारून लाइट खाली करतो, आणि मी खिडकीबाहेर पाहतो.

आम्हा ड्रायव्हर लोकांत जो आधी लाइट खाली करेल, तो हरला. चहाच्या टपरीवर त्याची टिंगल होत असे. त्या रात्री समोरून ट्रक आला, लाइट पूर्ण अप्परवर, थेट डोळ्यांत. कापलेल्या धानाचा वास जीपमध्ये भरला होता. बाजूले माझा साळा गोविंदा होता.

"भाऊजी, डिपर मारा ना. काही दिसून नाही राहिलं."

"त्यानं मारावा आधी. मी कायले मारू?"

"मानपान लग्नात पाहा, रस्त्यावर नाही."

मी ऐकलं नाही. डोळ्यांपुढं नुसता पांढरा उजेड झाला, आणि आमच्याच गावच्या शामरावची धानाची बैलगाडी मले दिसलीच नाही. जीप मागून तिच्यावर आदळली. ट्रक निघून गेला. गोविंदानं शामरावचं डोकं मांडीवर घेतलं, अन् शामराव तिथंच गेला.

कित्येक वर्षं मी ट्रकवाल्याले दोष दिला. त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं, अन् त्याच्यापुढं मान राखाले शामराव मारला.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस यायच्या आधी मी तिथं गेलो होतो. मोडक्या बैलगाडीच्या आसाले शामरावचा कंदील बांधलेला होता. तेल संपलं होतं, वात जळून गेली होती. म्हणजे रात्री कंदील पेटलेलाच होता. मी तो सोडून बाजूच्या नहराच्या पाण्यात टाकला, आणि हवालदाराले सांगितलं की गाडीले दिवाच नव्हता.