वनमाला मॅडमचा शेवटचा नंबर

साडीचा पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून वनमाला मॅडम सानगडीच्या तलावाच्या पाळीवरून धावायला लागल्या, की धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. मॅडम शिकवायच्या भूगोल. शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून शिट्टी त्यांच्या गळ्यात पडली. ती वाजवली की आधी त्याच दचकायच्या. रोज सकाळी पोरींना पाळीवर धावायला न्यायच्या, आणि स्वतः हटकून सगळ्यांच्या मागे, आणि हाश्श-हुश्श अशी की काठावरचे बगळे उडावेत.

मी नववीत होते, वर्गात सगळ्यांत जाड. लोक हसतील या भीतीने पोटदुखीचं कारण काढून शाळेतच बसायचे. एक दिवस मॅडमनी मला हाताला धरून तलावावर नेलं. माझा शेवटचा नंबर येईल, म्हणून मी कुरकुरले.

"तो नंबर माझा हाये," मॅडम म्हणाल्या. "तुले नाही भेटत."

आणि खरंच, लोक हसले ते मॅडमना. मी सुटले.

मग मला चेवच आला. लवकर बारीक व्हायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी नुसता चहा. महिन्याभरात मी पुढच्या पोरींत धावू लागले आणि एका सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पाळीवरच कोसळले. शुद्धीवर आले तर डोकं मॅडमच्या मांडीवर. पंधरा-वीस पोरींना मागे टाकून त्या सगळ्यांआधी पोचल्या होत्या, आणि त्यांना साधी धापही लागली नव्हती.

"मॅडम, तुमाले एवढं धावता येते?"

"येते ना. पर मी पुढं धावली असती, तर तू आली असती का?"

मॅडमनी मला शाळेत नेऊन स्वतःचा डबा पुढे ठेवला. भात, वरण, अंबाडीची भाजी, वर तळलेले झिंगे, तलावातली बारकी कोळंबी. "आंगाले काहून उपाशी मारून राहिली? तुयंच हाये ना ते," म्हणाल्या, आणि डबा रिकामा होईपर्यंत मला उठू दिलं नाही. संध्याकाळी घरी येऊन आईलाही बजावून गेल्या. जाताना आमच्याकडचं पिठलं दोनदा मागून खाल्लं, ते वेगळंच.

दोन वर्षांपूर्वी मॅडम कारध्याला, त्यांच्या घरी वारल्या. फोन आला तेव्हा मी नुकतीच जेवायला बसले होते. ताट सारून उठणार होते, पण मॅडमना ते मुळीच आवडलं नसतं. मी रडत रडत सगळं ताट संपवलं.